झवेरीवाडच्या वाटेने : अहमदाबादची एक सकाळ



महाराष्ट्रातून शंखेश्वर, तारंगा किंवा पालिताण्याच्या यात्रेला निघणाऱ्या संघांच्या कार्यक्रमपत्रिकेत अहमदाबादच्या वाट्याला बहुधा एकच सकाळ येते. बस दिल्ली दरवाजाबाहेर थांबते, हठीसिंगांच्या बावन्न जिनालयाचे दर्शन होते, नवकारशी उरकते आणि बस पुढच्या तीर्थाकडे धावू लागते. हठीसिंगांचे मंदिर डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे, यात शंका नाही. परंतु तेवढेच पाहून परतणाऱ्या यात्रेकरूला एक गोष्ट कळत नाही. ज्या समाजाने असे मंदिर उभारले, तो समाज राहत कुठे होता, कसा राहत होता, आणि आज त्याच्या मागे काय उरले आहे? याचे उत्तर कोटाच्या आत, अरुंद गल्ल्यांत आहे आणि तिथे बस जात नाही. ती सकाळ पायी चालण्यासाठी राखून ठेवावी, एवढेच या भाषणाचे निवेदन आहे.

साबरमतीच्या पूर्वतीरावर इ. स. १४११ मध्ये सुलतान अहमदशहा पहिला याने या नगराचा पाया घातला. त्यापूर्वीही येथे आशावल आणि सोळंकी राजा कर्णदेवाच्या नावाची कर्णावती अशी वसतिस्थाने होती. पुढे नगराभोवती कोट उभा राहिला. आज कोटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला असला तरी कित्येक दरवाजे रहदारीच्या मधोमध तग धरून आहेत. या कोटाच्या आतील सुमारे ५३५ हेक्टरांच्या जुन्या नगरास जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. असा मान मिळवणारे ते भारतातील पहिले शहर. मात्र या मान्यतेची खरी पूर्वतयारी वीस वर्षे आधी झाली होती. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी अहमदाबाद महानगरपालिकेने एक वारसा पदयात्रा सुरू केली. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा तो मार्ग जेमतेम अडीच किलोमीटरांचा आहे, पण सावकाश चालल्यास त्याला अडीच-तीन तास लागतात. याच मार्गाने जाऊन पुढे तीन दरवाजा गाठला आणि शेवटी रिक्षाने हठीसिंगांच्या मंदिरी पोहोचले की अर्धा दिवस सार्थकी लागतो.

स्वामीनारायण मंदिर १८२२ सालचे, त्या संप्रदायाचे पहिले. कोरीव सागवानी खांबांवर चढवलेले भडक रंग पाहून मराठी माणूस क्षणभर बुजतो, पण लाकडाचे काम उच्च प्रतीचे आहे. तेथून काही पावलांवर लांबेश्वरनी पोळ लागते. तिथे गुजराती कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी त्यांचा बसलेल्या स्थितीतील पुतळा आहे. दलपतराम आणि इंग्रज अधिकारी अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स यांची मैत्री गुजराती भाषेला फार फळली. १८४८ साली स्थापन झालेली गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी ही त्या मैत्रीचीच फलश्रुती. कवीच्या स्मारकासाठी सरकारी उद्यान न शोधता त्याच्या स्वतःच्या गल्लीतच त्याला बसवले, हे औचित्य वाखाणण्यासारखे आहे.

येथून पुढे ‘पोळ’ हा शब्द वारंवार येणार. मराठी कानाला पोळ म्हटले की देवाच्या नावाने सोडलेला वळू आठवतो आणि ‘पोळीत’ म्हटले तर थेट जेवणाचे ताटच. प्रत्यक्षात हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे वेस, दरवाजा, यावरून आला. एक भक्कम दरवाजा, त्यावर राखणदाराची खोली, आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या आणि खांचे, आणि या सर्वांच्या कडेने परस्परांच्या भिंतीला भिंत लावून उभी राहिलेली दोन-तीन मजली घरे, अशी पोळीची रचना असते. रात्री दरवाजा बंद झाला की आतले जग स्वतंत्र. पुण्याच्या पेठेतला वाडा एका कुटुंबाचा वा एका मालकाचा असे. पोळ ही बहुधा एका ज्ञातीची किंवा एका व्यवसायाची आणि म्हणूनच एका पंचाची असे. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, पोळीतील घर विकायचे झाल्यास ते प्रथम पोळीतल्याच लोकांना देऊ करावे लागे. बाहेरच्यास परस्पर विकता येत नसे. हा नियम कोणाला जाचक वाटेल. परंतु पोळीतील देरासरांची नित्यपूजा पिढ्यान्‌पिढ्या कशी चालली, याचे अर्धे रहस्य या नियमातच आहे. घर पोळीतल्या माणसाकडेच राहिले म्हणून देवळाला श्रावक राहिला.

पोळीच्या चौकात एका खांबावर उभारलेले, छत्रीसारखे नक्षीदार बांधकाम दिसते. मराठीत चबुतरा म्हणजे बसण्याचा कट्टा. येथे ‘चबुतरो’ म्हणजे पाखरांचे अन्नछत्र. मांजराची झडप पोहोचू नये इतक्या उंचीवर दाणे घालण्याची सोय असते. जीवदया हे तत्त्व प्रवचनात ऐकणे वेगळे आणि दाटीवाटीच्या गल्लीत, जिथे माणसालाच जागा अपुरी, तिथे पक्ष्यांसाठी राखलेली जागा पाहणे वेगळे. याच घरांच्या पोटात आणखी एक व्यवस्था दडलेली आहे, ती म्हणजे अंगणाखालचे टांके. गच्चीवरचे पावसाचे पाणी नळीने खाली आणून या बंदिस्त हौदात साठवले जाई आणि ते पिण्याच्या उपयोगी पडे. उन्हाने होरपळणाऱ्या प्रदेशात ही तजवीज शेकडो घरांनी केली होती. पाणी जपून वापरण्याची शिकवण ज्यांना घरातून मिळाली, त्यांना या टांक्याचे झाकण उचलून आत डोकावावेसे वाटले नाही तरच नवल.

वाटेत कॅलिकोचा घुमट लागतो. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी उभारलेले हे कापडदुकान त्या काळी नवलाचे होते. २००१ च्या भूकंपाच्या वर्षी तो घुमट कोसळला. हाजा पटेलनी पोळीच्या परिसरात काळा रामजीचे मंदिर आहे. नाशिकच्या काळारामाची सवय असलेल्या भाविकाला येथे वेगळेच दर्शन घडते. मूर्ती काळ्या पाषाणाची, पण राम उभा नसून बसलेला. जवळच शांतिनाथांच्या नावाची पोळ आहे.

त्यानंतर येतो कुवावाळो खांचो. ज्या बोळात विहीर आहे तो, एवढाच या नावाचा अर्थ. एका लहानशा चौकाभोवती उभ्या असलेल्या घरांच्या दर्शनी भागांकडे वाटाड्या बोट दाखवतो आणि सांगतो : हे मुघल धाटणीचे, हे पर्शियन, हे युरोपीय आणि हे मराठा. मराठा धाटणीचे घर अहमदाबादेत कसे, असा प्रश्न येथे महाराष्ट्रातील पाहुण्याच्या मनात उमटतो. इतिहास असा की, १७५३ मध्ये रघुनाथराव पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले, मध्ये ते गमावले आणि १७५८ मध्ये पुन्हा जिंकले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे पेशवे आणि गायकवाड यांचा येथे वाटून अंमल होता. भद्र किल्ल्यातील भद्रकालीचे मंदिरही मराठी अमदानीतलेच आणि गायकवाडांची हवेली आजही त्याच नावाने ओळखली जाते. मराठी राज्यकर्त्यांविषयी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांची आठवण मात्र सर्वस्वी गोड नाही. ते पुढे येईलच.

दोशीवाडानी पोळ आणि झवेरीवाड हा या पदयात्रेचा गाभा. झवेरी म्हणजे जवाहिरे, दोशी म्हणजे कापडाचे व्यापारी. निशा पोळीतील जगवल्लभ पार्श्वनाथ, संभवनाथनी खडकी, चौमुखजीनी पोळ, अष्टापदजी. नुसती नावे उच्चारली तरी ती मंदिरांची यादी वाटते. प्रत्यक्षात ही गल्ल्यांची नावे आहेत. येथे देवाने गल्लीला नाव दिले आहे. महाराष्ट्रात जिनालय म्हटले की दूरवरून दिसणारे शिखर, फडकणारी ध्वजा आणि पुढे मोकळे आवार असे चित्र उभे राहते. झवेरीवाडात त्यातले काहीच दिसत नाही. शेजारच्या घरासारखाच ओटा, तसेच दार. पायरी चढून आत जावे तो एकाएकी संगमरवराचा थंड चौक आणि समोर प्रसन्न मूलनायक. काही देरासरांत गाभारा जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून भुयारात गेले की डोळे अंधाराला सरावेपर्यंत क्षणभर थांबावे लागते आणि मग दिव्याच्या उजेडात प्रतिमा दिसू लागते.

असे लपून बसण्यामागे केवळ जागेची टंचाई नव्हती. सतराव्या शतकात या नगरात शांतिदास झवेरी नावाचे श्रावक होऊन गेले. मुघल दरबाराचे जवाहिरे, मोठे सावकार आणि नगरशेठांच्या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांनी कोटाबाहेर सरसपूर येथे चिंतामणी पार्श्वनाथांचे भव्य शिखरबंद जिनालय बांधले. १६४५ मध्ये गुजरातचा सुभेदार असलेल्या शाहजादा औरंगजेबाने ते भ्रष्ट करून त्याची मशीद केली. शांतिदासांनी हत्यार उपसले नाही. त्यांनी बादशहाकडे दाद मागितली. १६४८ मध्ये शहाजहानने ती वास्तू शांतिदासांना परत देण्याचे फर्मान काढले. वास्तू परत देण्याचा हुकूम मिळाला, पण मंदिराचे गतवैभव परत आले नाही. प्रतिमा आधीच हलवून झवेरीवाडच्या भुयारांत सुरक्षित ठेवल्या होत्या, असे परंपरा सांगते. त्यानंतरही शांतिदासांनी दरबाराशी संबंध तोडले नाहीत. १६५६ मध्ये शाहजादा मुरादबक्षाने पालिताण्याचे इनाम त्यांना दिले, आणि शत्रुंजयाच्या व्यवस्थेशी अहमदाबादचा संबंध दृढ झाला. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचा झवेरीवाडातील पत्ता ज्यांनी पावत्यांवर वाचला असेल, त्यांना या गल्लीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

याच ठिकाणी थोडे थांबून आजूबाजूच्या दारांकडे पाहावे. पुष्कळ दारांना कुलपे आहेत. काही घरांचे तळमजले मालाची गोदामे झाले आहेत. १८९२ मध्ये एलिस पूल झाला, विसाव्या शतकात नदीपलीकडे सोसायट्या उठल्या आणि पोळीतील सुस्थित जैन कुटुंबे एकामागून एक पालडीसारख्या भागांत गेली. त्यांना दोष देता येणार नाही. अरुंद जिने, मोटार न जाणाऱ्या गल्ल्या, वाटण्यांमुळे तुकडे झालेले घर, लाकडाची सततची दुरुस्ती हे सर्व सोसून मुलाबाळांनी तेथेच राहावे असे दुरून सांगणे सोपे आहे. परंतु कुटुंब गेले तरी देरासर सहजासहजी जात नाही. प्रतिष्ठा झालेल्या प्रतिमेची पूजा रोज व्हावी लागते. मग पहाटे नदी ओलांडून येणारे काही निष्ठावंत श्रावक, एखादा वृद्ध शेजारी आणि पगारी पुजारी यांच्या भरवशावर शतकांची परंपरा चालते. पर्युषणात आणि वर्षगाठीच्या ध्वजारोहणाला मूळचे रहिवासी सहकुटुंब येतात. तेव्हा गल्ली पुन्हा गजबजते आणि मुले आपल्या आजोबांचे घर कोणते ते विचारतात. वारसा घरांच्या मालकांना महानगरपालिकेने विकासहक्क हस्तांतरित करण्याची मुभा दिली आहे, त्याचा काहींना लाभही झाला. घराची डागडुजी पैशाने होते. देरासराला मात्र शेजार लागतो आणि शेजार विकत मिळत नाही. कोल्हापूर-सांगलीकडील ज्या खेड्यांतली तरुण पिढी पुण्या-मुंबईस गेली, तेथील बस्तीच्या विश्वस्तांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

अष्टापदजींचे देरासर शेठ मगनभाई करमचंद यांनी बांधले. याच गृहस्थांनी इ. स. १८५० च्या सुमारास अहमदाबादेत मुलींच्या शाळेसाठी मोठी देणगी दिली. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तो हाच काळ. एकाच तिजोरीतून तीर्थंकरांच्या मंदिरासाठी आणि मुलींच्या पाटीपुस्तकांसाठी पैसा निघाला, ही गोष्ट वाटाडे क्वचितच सांगतात.

तेथून जवळच हरकुंवर शेठाणींची हवेली आहे. सज्जाला आधार देणारे तिचे भव्य कोरीव लाकडी हस्त वर मान करून पाहावे लागतात. खाली बाजाराची वर्दळ इतकी की धक्का लागल्यावाचून ते पाहणे अशक्य. या बाईंचे नाव पुढे पुन्हा येईल, म्हणून येथे केवळ घर पाहून ठेवावे.

फर्नांडिस पुलाखालचा पुस्तकांचा आणि वह्यांचा बाजार, लग्नकार्याच्या व पूजेच्या सामानाची चांदला ओळ, नगरातील पहिली म्हणून सांगितली जाणारी मुहूर्त पोळ आणि शेअर बाजाराची जुनी इमारत हे टप्पे भराभर संपतात. अहमदाबादचा शेअर बाजार १८९४ सालचा, मुंबईनंतरचा देशातील दुसरा. माणेकचौकात सकाळी गाईंना चारा घातला जातो, दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी त्या गाड्यांची केवळ कीर्तीच ऐकावी.

मराठी अमदानीची जी कटू आठवण मघाशी सांगायची राहिली, ती या व्यापारपेठेत सांगणेच योग्य. १७२५ मध्ये हमीदखानाच्या बाजूने आलेल्या मराठी फौजा अहमदाबादेवर चालून आल्या आणि नगर लुटले जाण्याची वेळ आली. तेव्हा शांतिदासांचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची मोठी रक्कम खंडणी म्हणून भरून शहर वाचवले. यात शहरातील हिंदू, मुसलमान, जैन सर्वांचीच घरे वाचली. कृतज्ञतेपोटी सर्व महाजनांनी मिळून ठराव केला की, शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे खुशालचंद आणि त्यांच्या वंशजांना कायम द्यावेत. महाराष्ट्रात मराठी फौजांच्या स्वाऱ्यांचा इतिहास अभिमानाने वाचला जातो, तो वाचावाच. पण ज्या गावावर स्वारी झाली त्या गावाची बाजूही माणेकचौकात उभे राहून एकदा ऐकून घ्यावी.

चौकाशेजारीच अहमदशहाने बांधलेली आणि १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद आहे. विस्तीर्ण अंगण, आत २६० खांबांचे वन आणि वर १५ घुमट. १८१९ च्या भूकंपात मिनारांचे वरचे भाग कोसळले. जैन दर्शकाला येथे एक ओळखीचे आश्चर्य भेटते. खांबांची घडण, थरावर थर पुढे काढून मिटत गेलेले घुमट, कमळे, साखळीला टांगलेल्या घंटेची नक्षी, हे सर्व त्याने आबूला किंवा राणकपूरला पाहिलेले असते. प्रतिमा नाहीत, हात मात्र तेच. सोमपुरा आणि सलाट कारागिरांची पिढीजात विद्या नव्या आश्रयदात्यासाठी राबली. सरसपूरची हकिकत जितकी खरी, तितकीच ही खांबांची साक्षही खरी आहे. अहमदाबाद पाहताना दोन्ही सोबत बाळगाव्या लागतात.

पालिकेची पदयात्रा येथे संपते. परंतु आणखी पाच-सात मिनिटे चालून तीन दरवाजा गाठावा, कारण तेथे मराठी माणसासाठी खरोखर अभिमानाची एक ओळख आहे. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांच्या काळातला, १० ऑक्टोबर १८१२ या तारखेचा देवनागरी लेख येथे दगडात कोरलेला आहे. मुलीला वडिलांच्या संपत्तीतला वाटा विनाअडथळा मिळावा, अशी ती आज्ञा. तिचे उल्लंघन करणारा हिंदू असेल तर त्याला महादेवाकडे आणि मुसलमान असेल तर अल्लाकडे जाब द्यावा लागेल, असेही त्यात बजावले आहे. फेरीवाल्यांच्या गर्दीत तो लेख सहज नजरेआड होतो, मुद्दाम शोधावा. माणेकचौकात ऐकलेल्या कहाणीनंतर हा लेख वाचला तर मन थोडे हलके होते.

मग रिक्षा करून दिल्ली दरवाजाबाहेर. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवान यांच्या या मंदिराचा संकल्प केला, पण १८४५ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा देहांत झाला. ज्यांची हवेली पाहून आलो असे पाहुणे एकमेकांना सांगतात, त्या हरकुंवर शेठाणी त्यांच्या पत्नी. सुमारे दहा लाख रुपयांच्या या कार्याची धुरा त्यांनी स्वतः वाहिली. शिल्पी प्रेमचंद सलाट यांच्या देखरेखीखाली, दुष्काळाच्या दिवसांत शेकडो कारागिरांच्या घरची चूल पेटती ठेवीत, त्यांनी १८४८ मध्ये मंदिर पूर्ण केले. पुढे शहरातील रुग्णालयासाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठीही या घराण्याचा पैसा गेला.

सकाळी बसमधून थेट येथे उतरणाऱ्याला संगमरवरी कोरीवकाम आणि भोवतीच्या ५२ देवकुलिका दिसतात. झवेरीवाडातून चालत आलेल्याला त्याहून काही अधिक दिसते. जमिनीखाली दिवा लावून बसलेला समाज दोनशे वर्षांनी कोटाबाहेर, उघड्या आकाशाखाली पुन्हा शिखर उभारू शकला, ते येथे. सरसपूरनंतर या नगरीच्या वेशीबाहेर ही ध्वजा चढली, तेव्हा ती चढवण्याचा अधिकार एका विधवा श्राविकेचा होता. दुपारचे बारा वाजत आले की पुजारी मंगलाच्या तयारीला लागतात. यात्रेकरूंनी त्याआधी दर्शन आटोपावे, देरासरांत छायाचित्रे घेण्याचा आग्रह धरू नये आणि झवेरीवाडातल्या एखाद्या देरासराच्या भंडारात काही टाकायचे राहिले असेल, तर परतीच्या वाटेवर रिक्षा पुन्हा तिकडे वळवावी.

जय जिनेंद्र.